मागावरच्या दशा

चहाचं आधण गॅसवर ठेवलं की समीक्षा सासूच्या डोळ्यात औषध टाकायची. मान वर, डोळा वर, एक थेंब, अन् मग डोळे मिटून गप्प बसायचं. मीराबाईंना यातलं शेवटचं तेवढं जड जायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आल्यापासून घरात त्यांना कोणी कशाला हात लावू देत नव्हतं. वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, धुळीत तर मुळीच नाही. जन्मभर बसल्या जागीसुद्धा हाताला काम दिलेल्या बाईला हे डोळे मिटून बसणं म्हणजे शिक्षाच होती.

डोळे मिटले की कान कामाला लागतात. मोरीत नळाची धार बारीक झाली होती, म्हणजे पाणी जायची वेळ झाली. बाहेर शेजारचे बंडूजी त्यांच्या बकरीला समजावून सांगत होते की लोकांच्या आंगणातली मेथी खाणं चांगल्या घरच्या बकरीला शोभत नाही. बंडूजी नात्यानं चुलत दीर लागत. बकरीशी बोलताना आवाज असा ठेवत की वहिनीलाही ऐकू जावा अन् मेथीबद्दल पुढं बोलायला जागा राहू नये.

"समीक्षा, चहा वर येऊन राह्यला वं."

"आई, तुम्ही डोळे मिटलेत ना?"

"मिटलेच हायेत. नाक तं उघडं हाय."

समीक्षानं हसत गॅस बारीक केला, अन् तेवढ्यात दाराची कडी वाजली. कडी वाजवणारं माणूस गावातलं नसतं. गावातलं माणूस आंगणातूनच हाक मारतं, निदान खाकरतं तरी. मीराबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच डोक्यावरचा पदर सारखा केला.

आलेल्या माणसाचा आवाज मऊ होता. त्यानं आपलं नाव कैलास सांगितलं. वर्ध्याला जिल्ह्यातल्या जुन्या कारागिरीचं एक संग्रहालय उभं राहत होतं, तिथून तो आला होता. धम्मदीपभाऊंशी बोलणं झालं होतं ते रविवारचं, पण गाडी आजच मिळाली, मग पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून विचारायला धीर करून आलो, असं तो एका दमात बोलून गेला. समीक्षानं नवऱ्याला फोन लावला. धम्मदीप आर्वीच्या डेपोत कंडक्टर. त्याच्यामागं गाडीचे आवाज येत होते. आज काय अन् रविवारी काय, घेऊन जाऊ दे, आईला धुळीत उतरू देऊ नको, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

मीराबाईंनी डोळे उघडले. काळ्या चष्म्यातून त्यांना दारात उभा असलेला एक पिकल्या केसांचा माणूस दिसला अन् त्याच्यामागं रस्त्यावर उभा असलेला छोटा ट्रक.

"बसा जी," त्या म्हणाल्या. "माग कुठी पळून नाई जात. आधी चहा घ्या."

माग मागच्या खोलीत होता. कुडाच्या भिंतींची, मातीनं लिंपलेली ती लांबट खोली आता पाडायची होती. तिच्या जागी सिमेंटची खोली, तिच्यात कपाट, पलंग, असं धम्मदीप अन् समीक्षानं ठरवलं होतं, अन् मीराबाईंनीच त्यांना हो म्हटलं होतं. पोरांनी किती दिवस एका खोलीत जागा धरून बसायचं? लाकूड ते लाकूड. मागाचे खांब, तुळई, पाय ठेवायच्या पट्ट्या हे सगळं कुठलाही सुतार पुन्हा करून देईल, असं त्या म्हणायच्या. त्यांचा जीव लाकडात नव्हताच.

त्या या घरात आल्या तेव्हा त्यांना मागाचं काहीच येत नव्हतं. माहेर जाम गावाच्या पलीकडलं, मजुरी करणारं. कापड विकत घेतात एवढंच त्यांना ठाऊक. लग्न होऊन आल्या त्या दिवशी या आळीत शिरल्याबरोबर त्यांनी सोबतच्या बाईला विचारलं होतं की इथं सगळे लोक एकाच वेळी काय कुटून राहिले. घरोघरी माग चालू होते. ती ठकाठक पुढं त्यांच्या इतकी अंगवळणी पडली की आवाज थांबला की त्या झोपेतून जाग्या व्हायच्या.

सासू आनंदाबाईंनी त्यांना पहिल्यांदा रहाटावर बसवलं अन् कांड्या भरायला शिकवलं. कांडी म्हणजे धोट्यात, आडवा धागा नेणाऱ्या नावेसारख्या लाकडात, बसते ती सुताची गुंडाळी. पहिल्या कांडीला त्यांनी सूत इतकं सैल गुंडाळलं की धोटा फेकल्याबरोबर सगळं सूत कापडावर पसरलं. सासरा रामाजी माग थांबवून उठले, बाहेर जाऊन बिडी ओढली, परत आले अन् एवढंच म्हणाले की सुनबाईनं शेवया बऱ्या केल्या. घरातलं सगळं माणूस हसलं. मीराबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण पुढं त्यांच्या हातची कांडी अशी घट्ट व्हायला लागली की आळीतल्या बाया नमुन्याला नेत.

रामाजींच्या बापाच्या वेळी हे घर जाडंभरडं कापड विणायचं. शेतकऱ्याची पांघरुणं, मजुराचे पंचे, बायांची लुगडी. गावात ज्याचं त्याचं काम होतं. कुंभार मडकी घडवी, बुरड सुपं अन् टोपल्या विणी, धनगराकडून घोंगडी येई, सुतार तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी नंदी करून देई. हातानं केलेल्या वस्तूला तेव्हा कोणी हातानं केलेली म्हणत नसे. दुसऱ्या कशानं होणार? मग गिरणीचं कापड आलं, तरी आळी तगली. छप्पन साली दीक्षेला नागपूरला जायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना पांढरे कपडे पाहिजे होते. आनंदाबाई सांगायच्या, त्या दिवसांत आळीतल्या कुठल्याच मागावर रंगाचा धागा नव्हता. सगळी आळी पांढरी झाली होती. ज्याच्याकडं सूत घ्यायला पैसा नव्हता त्यालाही पांढरं नेसवूनच नेलं. रामाजींनी विणलेल्या त्या लुगड्यात आनंदाबाई चालत निघाल्या तेव्हा धम्मदीपचे बाबा हरिदास त्यांच्या कडेवर होते.

या गोष्टीत आनंदाबाई एक सांगायला कधीच विसरत नसत. ते पांढरं कापड कापून झालं तेव्हा रामाजींनी मागावर हातभर धागे शिल्लक ठेवले. ठेवावेच लागतात. मागावर प्रत्येक धागा आधी दोऱ्याच्या एका फासातून जातो, त्या फासांच्या रांगेला वई म्हणतात. मग तो फणीच्या एका दातातून पुढं येतो. नवीन माग जुळवताना हजारो धागे असे एकेक करून, नेमानं ओवावे लागतात, अन् ते काम येणारं माणूस आळीत एकच होतं, नत्थूजी. एकदा नत्थूजीनं ओवून दिलं की पुन्हा ओवायची पाळी येऊ द्यायची नाही. कापड कापलं तरी धाग्यांची टोकं वईत अन् फणीत तशीच ठेवायची, त्यांची झुपक्याझुपक्यानं गाठ मारायची, म्हणजे निसटणार नाहीत. त्या टोकांना या घरात दशा म्हणत. पुढचा ताणा, म्हणजे नव्या कापडाचे उभे धागे, आला की त्याचा एकेक धागा जुन्या दशीला पीळ देऊन जोडायचा अन् अलगद ओढून घ्यायचा. जुना धागा पुढं निघून जातो, नवा त्याच्या वाटेनं येतो. वाट तीच राहते.

हा सांधा घालायचं काम पुढं मीराबाईंचं झालं. चिमूटभर राख बोटांना लावायची, जुनं टोक अन् नवं टोक एकत्र धरायचं, एक पीळ, उलटा फिरवून दाबायचं. गाठ नाही मारायची, गाठ वईत अडकते. समोर हरिदासजी बसत अन् धागा निवडून देत. सकाळी बसलेली दोघं उन्हं उतरेपर्यंत अशी समोरासमोर बसलेली असायची. त्यांच्या संसारात एकमेकांच्या तोंडाकडं पाहत निवांत बसायची वेळ तेवढीच. भांडणही तिथंच व्हायचं, कारण कोणाला उठून जाता यायचं नाही. एकदा धम्मदीपच्या शाळेवरून दोघांचं जुंपलं तेव्हा हरिदासजींनी रागानं चुकीचा धागा हातात दिला अन् मीराबाईंनी रागानं तो जोडला. त्या लुगड्याच्या काठात एका रुईफुलाची पाकळी उलटी उमटली होती. विकत घेणाऱ्या बाईला ती फार आवडली.

रुईफुलाचा काठ हीच या घराची ओळख. तो काठ कुठं लिहिलेला नव्हता, कोणाच्या डोक्यातही पुरता नव्हता. कुठला धागा कुठल्या फासातून गेला यातच तो होता. नत्थूजीनं तो ओवला, त्याच्यानंतर तो दशांनी सांभाळला. नत्थूजी गेला. सूत देणारी सोसायटी बंद पडली. एकेक माग थांबला, कोणी नागपूरला गेलं, कोणी नोकरीला लागलं, अन् चांगलंच झालं, त्यात कोणाचं काय चुकलं. बंडूजींच्या बापानं माग मोडून त्याच्या लाकडाचा गोठा केला. हरिदासजींनी शेवटचं कापड कापलं ते दिवाळीच्या आधी. दशा हातभर ठेवल्या, झुपक्याझुपक्यानं गाठी मारल्या अन् म्हणाले की पुढचा ताणा थंडी सरल्यावर. थंडी सरली, सूत मिळालं नाही. मग एक उन्हाळा गेला, मग आणखी. शेवटी हरिदासजीच गेले, छातीच्या दुखण्यानं, धम्मदीपच्या लग्नाच्या आधी. समीक्षा या घरात आली तेव्हा मागाच्या खोलीत कांद्याची पोती होती.

मधली इतकी वर्षं मीराबाईंनी त्या दशांवर कापड झाकून ठेवलं होतं. उंदरानं कुरतडू नये म्हणून कडुलिंबाचा पाला टाकायच्या. माग उघडा पडू द्यायचा नाही, हे त्यांना आनंदाबाईंनी सांगितलं होतं, अन् त्यांनी ते पुढं सांगावं असं कोणी नव्हतं.

मग या वर्षी मोनाली आली. पवनारजवळ ही पोरगी दहा-बारा बायांना घेऊन हातमागावर कापड करते, असं धम्मदीपला बसमधल्या कोण्या प्रवाशाकडून कळलं होतं. ती येऊन मागाजवळ उकिडवी बसली, झाकलेलं कापड उचललं, अन् दशांच्या गाठींवरून अलगद बोट फिरवलं. मग म्हणाली, "आजी, फणी अन् वई मला दशांसकट द्या. माझ्या मागावर चढवते. तुम्ही या, पहिला सांधा तुमच्या हातचा. काठ तुमचाच चालू राहील."

मीराबाईंनी त्या दिवशी बंडूजींनासुद्धा चहा दिला होता. सांधा घालायला डोळा पाहिजे, अन् डोळ्यात तर जाळं आलेलं. इतके दिवस त्या ऑपरेशनला नाही म्हणत होत्या. त्याच आठवड्यात त्या आपणहून धम्मदीपला म्हणाल्या की काय ते करून टाक. लाकूड संग्रहालयाला द्यायला त्यांनी हो म्हटलं तेही त्यानंतरच. ज्यात जीव होता ते पवनारला जाणार होतं. उरलेलं कुठंही जावो.

दवाखान्यात जायच्या दिवशी ऑटो दारात उभा होता, पिशवी सापडत नव्हती, धम्मदीप घाई करून राहिला होता. ऑटोत पाय ठेवता ठेवता मीराबाईंनी मागं वळून सुनेला सांगितलं होतं, "समीक्षा, मी येईपर्यंत दशा काढून ठेवजो वं. जपून काढजो." समीक्षा हो म्हणाली होती.

*

चहा झाल्यावर कैलासबरोबर आलेले दोघे मागच्या खोलीत गेले अन् मीराबाई आंगणात खुर्ची टाकून बसल्या. ट्रकचं मागचं फळकं उघडं होतं. आत कुंभाराचं चाक होतं, आडवं, दोरीनं बांधलेलं. त्याच्याशेजारी बुरडाचा कोयता अन् अर्धवट विणलेलं सूप. घोंगडीच्या मागाचे दोन खुंटे. एक लाकडी नंदी, त्याचं एक शिंग मोडलेलं. कैलास कौतुकानं दाखवत होता, हे कुठलं, ते कोणाचं. चाक रूपराव कुंभाराच्या घरचं आहे हे मीराबाईंनी त्यानं सांगायच्या आधी ओळखलं. त्याच्या काठाला लोखंडी पट्टी मारलेली होती.

"रूपराव गेले का?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी, आहेत. त्यांनीच उचलून दिलं गाडीत."

मीराबाईंना वाटलं, माणूस जिवंत असताना चाक गाडीत चढलं, याला काय म्हणायचं. पण कैलास भला दिसत होता. सामान नीट कापडात गुंडाळून ठेवलं होतं, अन् नंदीच्या मोडक्या शिंगाचा तुकडाही त्यानं वेगळा बांधून घेतला होता. आपल्या माणसाला दवाखान्यात नेणाऱ्यानं जशी काळजी घ्यावी तशी तो घेत होता.

आतून खुंट्या निघायचा आवाज येऊ लागला. बंडूजी बकरीला घेऊन येऊन उभे राहिले अन् विचारू लागले की वहिनी, तुमचा माग आता तिकीट लावून पाह्याचा का, मग आमाले घरचे म्हणून फुकट सोडाल की नाई. मीराबाईंनी त्यांना सांगितलं की बकरीचं अर्धं तिकीट लागेल. मग त्यांनी समीक्षाला हाक मारून काढून ठेवलेल्या दशा आणायला सांगितल्या. लाकडाबरोबर चुकून त्याही गाडीत जायला नकोत.

समीक्षा आतून आली ती हसतच. तिच्या हातात साडीच्या दुकानाची एक नवी पिशवी होती, अन् दुसऱ्या हातात फणी, धुऊन पुसून लख्ख केलेली. तिनं पिशवी मीराबाईंच्या मांडीवर ठेवली. आत सुताच्या जुड्या होत्या, पांढऱ्या वेगळ्या, तांबड्या वेगळ्या, काळ्या वेगळ्या, प्रत्येक जुडीला वरून धागा बांधलेला.

"दुपारी दुपारी बसून काढल्या आई," ती म्हणाली. "एक धागा तोडला नाही. मोनालीताई दशांसकट म्हणाल्या होत्या ना, म्हणून रंगवार लावून ठेवल्या. फणीच्या दातांत केवढा मळ होता. अन् ते दोऱ्याचे फास तर काळेच पडलेले, ते सर्फमध्ये भिजवून स्वच्छ केले. दोरीवर वाळत घातलेत."

मीराबाईंनी फणी हातात घेतली अन् तिच्या दातांवरून अंगठा फिरवला. फणी खर्र वाजली. इतक्या वर्षांत ती कधी वाजली नव्हती; तिच्या दातादातात धागा असायचा. त्यांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला, जणू पहिल्यांदा ऐकण्यात चूक झाली असावी. ती तशीच वाजली.

आंगणात दोरीवर वईचे फास लोंबत होते, लहान लेकराची दुपटी वाळत घालावीत तसे. वारा आला की ते एकमेकांत गुंतत अन् सुटत. येताजाता दोन दिवस त्या दोरीखालून त्या स्वतः गेल्या होत्या. काळ्या चष्म्यातून त्यांना ती सुतळी वाटली होती.

बंडूजी पुढं आले. ते विणकराच्या घरचे. त्यांनी पिशवीत पाहिलं, फणीकडं पाहिलं, अन् त्यांचं तोंड उघडलं. "अवो वहिनी, हे तं..."

"बंडूजी," मीराबाई म्हणाल्या, "तुमची बकरी मेथीत गेली."

बकरी त्यांच्या हातातल्या दोरीलाच बांधलेली होती. बंडूजींनी तिच्याकडं पाहिलं, मग वहिनीकडं, मग ते बकरीला घेऊन मुकाट्यानं आपल्या आंगणात निघून गेले.

विणकराच्या घरात दशा काढून ठेवायच्या म्हणजे फणी, वई अन् त्यांच्यातले धागे असे सगळे एकत्र, जसेच्या तसे, मागावरून उचलायचे. दोन्हीकडून काठ्या घालायच्या, कापडात गुंडाळायचं, अन् आडवं ठेवायचं. आळीतल्या कुठल्याही पोरीला हे सांगावं लागलं नसतं. पण आळीत माग होते तेव्हाच्या पोरी आता आज्या झाल्या होत्या. समीक्षाचे वडील शाळेत शिपाई, आई अंगणवाडीत. तिच्या घरी काढून ठेव म्हटलं की काढायचं अन् ठेवायचं. तिनं काढलं होतं, अन् तिच्याइतकं जपून कोणी ठेवलं नसतं.

समीक्षाचं हसू हळूहळू उतरलं. ती हुशार पोरगी. आधी बंडूजींच्या पाठीकडं पाहिलं, मग सासूच्या अंगठ्याकडं.

"आई, माझं काही चुकलं का?"

"मी जाताना काय म्हनलं होतं तुले?"

"दशा काढून ठेव म्हणालात. जपून."

"हो. तसंच म्हनलं होतं मी."

समीक्षा खाली बसली. मग तिनं हळूच विचारलं की पुन्हा घालता नाही का येणार, तुम्ही शेजारी बसून सांगा, मी एकेक ओवते, कितीही दिवस लागू देत. मीराबाईंनी मान हलवली. काठाचा कुठला धागा कुठल्या फासात, हे त्यांना कधीच पाठ नव्हतं. ते ठाऊक असायची गरजच पडली नव्हती.

"पण सांधा तर तुम्हीच घालत होतात ना आई. इतकी वर्षं."

"सांधा घालाले आधीचा धागा जागेवर लागते, बाई."

समीक्षाच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ती पदरानं ते पुसत होती अन् पुन्हा पुन्हा पिशवीतल्या जुड्यांकडं पाहत होती, एवढ्या नीट लावलेल्या. मीराबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना स्वतःला रडायची मनाई होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याला ताण नको. त्यांनी मान वर करून डोळे मिटून घेतले, सकाळी औषध टाकल्यावर बसतात तशा. आत, मागच्या खोलीत, दोन माणसं मागाची तुळई उचलताना एकमेकांना सांभाळ सांभाळ म्हणत होती.

त्या मिटल्या डोळ्यांपुढं त्यांना हरिदासजी दिसले असतील असं कोणाला वाटेल. पण त्यांच्या मनात आली ती मोनाली. आज नाही तर उद्या तिला फोन करून सांगावं लागेल. ती पोरगी काही बोलणार नाही, हरकत नाही आजी म्हणेल, अन् तेच त्यांना ऐकवणार नाही. दुसरं मनात आलं ते असं की या पोरीनं तीन रंगांच्या जुड्या लावताना दुपारची झोप मोडली असेल. धम्मदीपला हे सांगायचं नाही. बंडूजींना तंबी द्यावी लागेल.

"ऊठ वं," त्या समीक्षाला म्हणाल्या. "त्या लोकायले पाणी विचार. घामाघूम झाले."

समीक्षा उठली. जाताना तिनं दोरीवरचे फास काढून घेतले अन् काय करावं न कळून ते छातीशी धरून आत गेली.

माग ट्रकमध्ये चढला तेव्हा ऊन आंगणात उतरलं होतं. खांब वेगळे, तुळई वेगळी, पायपट्ट्या वेगळ्या, सगळं कुंभाराच्या चाकाशेजारी आडवं झालं. उभी असताना खोली भरून टाकणारी ती वस्तू गाडीत इतकी थोडी जागा घेईल असं वाटलं नव्हतं. कैलास हात धुऊन मीराबाईंजवळ येऊन बसला. त्यानं सांगितलं की खालच्या मजल्यावर, दारातून आत आल्याबरोबर दिसेल अशी जागा या मागासाठी ठेवली आहे. पाटीवर हरिदासजींचं नाव राहील, रामाजींचं राहील. मीराबाईंचंही घालायचं, ते त्यानं आपणहून म्हटलं. त्यांनी नुसती मान डोलावली.

"फक्त एवढंच आहे मावशी," तो म्हणाला, "रिकामा माग पाहून शाळेच्या पोरांना काही कळत नाही. म्हणून बाजारचा जाड पांढरा दोरा आणून ताणून घेऊ. समोर एक पुतळा बसवू, हातात धोटा देऊ. चालू माग आहे असं वाटलं पाहिजे. मग लोक थांबतात."

मीराबाईंनी चष्मा काढला. ऊन डोळ्यात गेलं, तरी त्यांनी तो पुन्हा घातला नाही. ट्रकमधल्या लाकडाकडं त्यांनी एकदा पाहिलं. दारात समीक्षा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"पुतळा बसवा, पाटी लावा, तुमाले जे लागते ते करा," त्या म्हणाल्या. "एक तेवढं माहं ऐका भाऊ. त्या मागावर दुसरा धागा चढवू नका. त्याले रिकामाच राहू द्या."